आधी गोल छिद्रे मोजा: संत्रा बागेतल्या परोपजीवी गांधीलमाश्या ओळखायच्या, राखायच्या आणि वाढवायच्या कशा

कोळशी, म्हणजे किडीच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी, आलेल्या संत्र्याच्या झाडाचे एक जून पान तोडा, उलटे करा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. काळे, चकचकीत, कडेला पांढऱ्या मेणाची झालर असलेले काटेरी ठिपके दिसतील. हे काळ्या माशीचे, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या किडीचे, कोष. त्यातले बरेचसे रिकामे असतात आणि रिकाम्या कोषाच्या पाठीवर दोनपैकी एक खूण असते. पाठ आडवी-उभी अशी उकललेली असेल, इंग्रजी टी अक्षर उलटे धरल्यासारखी, तर त्यातून माशी उडून गेली. पाठीवर सुईने टोचल्यासारखे गोल छिद्र असेल, तर माशीला आतून खाऊन वाढलेली गांधीलमाशी त्यातून बाहेर पडली.

फवारणीचा पंप भरण्याआधी या दोन खुणा मोजायच्या. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातल्या बागांत या गांधीलमाश्या बहुधा आधीपासूनच असतात. त्या विकत आणायला पैसे लागत नाहीत. त्या मरू न देण्याला मात्र शिस्त लागते.

गांधीलमाशी म्हटले की डंख आठवतो. या त्या नव्हेत. काळ्या माशीवरची गांधीलमाशी एक मिलिमीटरही भरत नाही, उडताना दिसते ती फक्त भिंगाची सवय झालेल्या डोळ्याला. तिचे सुईसारखे अंग माणसाला टोचण्यासाठी नसून अंडे घालण्यासाठी असते. अंड्यातून निघालेली अळी एकाच किडीवर वाढते आणि तिला मारूनच बाहेर येते. शिवाय मादी कित्येक किडींना नुसते टोचून त्यांचा रस पिते, त्या किडी तशाच वाळून मरतात. छिद्रे मोजली तर हे दुसरे मरण हिशेबात येत नाही. म्हणून मोजणीचा आकडा नेहमी थोडा कमीच निघतो, हे धरून चाला.

मोजणी कशी करायची

एकरातली वीस झाडे निवडा. धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची, ओळ सोडून द्या, तिथले चित्र वेगळे असते. प्रत्येक झाडाच्या चारही बाजूंनी, छातीच्या उंचीवरून, एकेक पान घ्या. ऐंशी पाने होतात. त्यातल्या कोषांवर गोल छिद्र किती आणि उकललेली पाठ किती, हे वेगवेगळे लिहा. गोल छिद्रांचा आकडा दोन्हींच्या बेरजेने भागला आणि शंभरने गुणला की परोपजीवीकरणाची टक्केवारी आली.

चूक होते ती पान निवडण्यात. रिकामे कोष पानावर महिनोन्‌महिने चिकटून राहतात. गेल्या बहाराच्या पानावर गोल छिद्रांची गर्दी पाहून लोक निश्चिंत होतात आणि नव्या नवतीवरची (कोवळ्या पालवीवरची) माशी मोकाट सुटते. उलटही घडते. म्हणून जुन्या पानांची मोजणी वेगळी ठेवा आणि निर्णय घ्या तो ताज्या पिढीवर. ताजे, अजून न फुटलेले कोष असलेली दहा-पंधरा पाने काचेच्या रुंद बरणीत ठेवा, देठांना ओला कापूस गुंडाळा, तोंडाला पातळ मलमल बांधा आणि बरणी सावलीत ठेवा. दोन आठवड्यांत काय बाहेर येते ते मोजा. निळसर-राखाडी पंखांची माशी निघाली तर ती कीड. बारीक, काळी किंवा पिवळसर, पंख जवळजवळ पारदर्शक असलेली निघाली तर ती आपली. काचेवर पाण्याचे थेंब साचू देऊ नका. एवढासा जीव एका थेंबात चिकटून मरतो आणि मग बरणीत काहीच निघाले नाही असे वाटते.

काळ्या माशीवर मुख्यतः दोन कुळांतल्या गांधीलमाश्या काम करतात. अमिटस हेस्पेरिडम ही लहान पिल्लांवर अंडी घालते, माशी खूप असली की झपाट्याने वाढते, पण प्रौढ जेमतेम चार दिवस जगते. मोठ्या कोषातून तिच्या दोन-तीनही निघतात; तिचे छिद्र जरा मोठे आणि कडा ओबडधोबड. एन्कार्सिया जातींचे छिद्र लहान आणि नीटस; माशी कमी झाल्यावरही शोधून शोधून टोचण्याचे काम त्यांचे. एक पूर आवरते, दुसरी तळ कोरडा ठेवते. मेक्सिकोत १९३५ मध्ये काळी माशी पोहोचली आणि तिथल्या बागा काळ्या पडल्या, तेव्हा १९४८ ते १९५० या काळात भारत-पाकिस्तानातल्या बागांतून हेच कीटक गोळा करून तिकडे नेले गेले आणि माशी आटोक्यात आली. १९७६ मध्ये फ्लोरिडात माशी सापडली तेव्हा याच जोडीला सोडले गेले. आपल्याच मातीतले मजूर परदेशात नावाजले गेले आणि इकडे आपण दर पंधरवड्याला त्यांच्यावर औषध ओततो, हा विनोद कडवट आहे.

फवारायचे का, कधी, काय

ताज्या पिढीत गोल छिद्रांचे प्रमाण निम्म्याच्या वर असेल आणि नव्या पानांवर अंडी थोडी असतील, तर थांबा. प्रमाण कमी आणि अंडी जास्त असतील, तर फवारा, पण वेळ साधून. काळ्या माशीची मादी पानाच्या खाली गोगलगाईच्या शंखासारख्या वळणात अंडी घालते. अंडी आधी फिकट पिवळी असतात, फुटायच्या आधी काळपट होतात. साधारण निम्मी अंडी फुटली की निंबोळी तेल मारायचे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. तेव्हा पिल्ले उघडी आणि कोवळी असतात, तर गांधीलमाश्यांची मागची पिढी बरीचशी निघून गेलेली असते. विदर्भात माशीचे प्रौढ वर्षातून तीनदा, संत्र्याच्या तीन बहारांच्या नवतीवर दिसतात: आंबिया बहाराच्या नवतीवर मार्च-एप्रिलमध्ये, मृगाच्या नवतीवर जुलै-ऑगस्टमध्ये आणि हस्ताच्या नवतीवर डिसेंबर-जानेवारीत. थंडीत अंडी फुटायला जास्त दिवस लागतात, म्हणून कॅलेंडर पाहून फवारू नका, पान उलटून पाहून फवारा.

दहा लिटर पाण्याला शंभर मिलिलिटर निंबोळी तेल आणि दहा ग्रॅम कपडे धुण्याची पावडर. पावडर आधी लिटरभर कोमट पाण्यात विरघळवा, त्यात तेल हळूहळू ओतत घुसळा, पांढरे दूध झाले की मगच टाकीत घाला. तेल थेट टाकीत ओतले तर ते वर तरंगते. पहिल्या झाडांना नुसते पाणी मिळते आणि शेवटची तेलाने भाजतात. फवारा पानाच्या खालून वर गेला पाहिजे. वरून मारलेले तेल कोळशीला लागते, माशीला नाही. ऊन ३५ अंशांच्या वर असताना तेल मारू नका आणि गंधक मारलेल्या बागेत तर लगेच अजिबात नाही, पाने जळतात. गंधक तसेही या गांधीलमाश्यांना मानवत नाही. बोर्डो मिश्रण आणि बाकी ताम्रयुक्त बुरशीनाशकांचा त्रास त्यामानाने कमी.

प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस, डायमेथोएट आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे गांधीलमाशीला जागच्या जागी मारतात, आणि पानावरचा अंश पुढेही मारत राहतो. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारी) औषधे झाडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात दिली म्हणजे मित्रकीटक वाचले, असा समज आहे. पण ती रसात जातात आणि किडीने टाकलेल्या चिकट गोड स्रावातही उतरतात. तो स्राव चाटणारी गांधीलमाशी तिथेच संपते. रासायनिक औषध टाळताच येणार नसेल, तर ज्या झाडांवर कीड आहे तेवढीच मारा आणि मधल्या काही ओळी कोरड्या सोडा. सगळी बाग एका दिवशी धुऊन काढली की मित्रकीटकांना परत यायला जागाच राहत नाही. माशी मात्र शेजारच्या बागेतून आठवड्यात हजर होते.

मुंग्या

टक्केवारी घसरते त्यामागे बऱ्याचदा औषध नसते, मुंग्या असतात. काळी माशी, पिठ्या ढेकूण, मावा आणि सायला (कोवळ्या नवतीचा रस शोषणारी बारीक कीड) हे सगळे गोड स्राव टाकतात. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात राखण करतात. गांधीलमाशीला एक अंडे घालायला एकाच किडीपाशी काही मिनिटे थांबावे लागते. दर मिनिटाला मुंगी अंगावर आली तर ती टोचण्याआधीच उडते.

खोडावर जमिनीपासून दीड फुटावर चार इंच रुंदीची पॅकिंगची टेप गुंडाळा आणि चिकट लेप त्या टेपवर लावा. राळ आणि एरंडेल तेल समभाग घेऊन मंद आचेवर वितळवले की लेप तयार होतो. भांडे चुलीवरून उतरवून ढवळा, राळ पेट घेते. लेप थेट सालीवर लावायचा नाही. साल गुदमरते, खाली ओल राहते आणि डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला) आमंत्रण मिळते. पावसाळ्यात टेप महिन्यातून एकदा सोडवून साल पाहा. धुळीने लेप कोरडा पडला की मुंग्या त्यावरून रस्ता करतात, तेव्हा दर दोन-तीन आठवड्यांनी नवा हात द्या.

मग खालच्या फांद्या छाटा, जमिनीला टेकणारी एकही नको. खोडाला टेकलेले गवत काढा. आणि बांबू पाहा. फळांच्या ओझ्याने वाकलेल्या फांद्यांना लावलेले टेकू हेच मुंग्यांचे मोठे रस्ते असतात. खोडाला पट्टी लावून चार बांबू मोकळे सोडले, तर सगळी मेहनत वाया. प्रत्येक बांबूलाही पट्टी हवी.

धूळ हा असाच दुर्लक्षित शत्रू. गाडीरस्त्याच्या कडेच्या दोन ओळींत खवले कीड आणि कोळी कीड जास्त असतात, याचे एक कारण धूळ. पानावरच्या धुळीत गांधीलमाशी चालू शकत नाही, अंग साफ करण्यातच तिचा वेळ जातो. मार्च ते मे त्या रस्त्यावर पाणी शिंपा किंवा कडेच्या झाडांवर साध्या पाण्याचा जोराचा फवारा मारा.

प्रौढ गांधीलमाशीला मकरंद मिळाला तर ती जास्त दिवस जगते आणि जास्त अंडी घालते. दर चार-पाच ओळींनंतर मधल्या पट्ट्यात कोथिंबीर, बडीशेप किंवा मोहरी फुलावर सोडा. चवळीला तर फुलाबाहेरही गोड रस असतो. कोथिंबीर एकदम पेरू नका, वीस-वीस दिवसांच्या अंतराने पेरली की फुलोरा लांबतो. चार पैशांची जुडी गेली म्हणून हळहळू नये.

सायला आणि टॅमेरिक्सिया

सायलाची गोष्ट वेगळी, कारण ती ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग पसरवते. रोग पसरवायला थोड्या सायलाही पुरतात. म्हणून रोपवाटिकेत आणि पहिल्या तीन-चार वर्षांच्या कलमांवर गांधीलमाशीच्या भरवशावर राहू नका. रोपे जाळीघरात आणि नवी नवती औषधाच्या संरक्षणात हवी. मोठ्या बागेत, धुऱ्यावरच्या कढीपत्त्यावर आणि औषध न मारलेल्या परसातल्या लिंबावर मात्र टॅमेरिक्सिया रेडिएटा या सायलावरच्या गांधीलमाशीचे काम सोन्यासारखे आहे. १९२२ मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली ती तेव्हाच्या पंजाबातल्या लायलपूरच्या नमुन्यांवरून. १९७८ मध्ये भारतातून ती रियुनियन बेटावर नेली गेली, आणि २०११ च्या डिसेंबरात पाकिस्तानी पंजाबातून नेलेली तिचीच पिलावळ कॅलिफोर्नियात सोडली गेली.

ओळख अशी. सायलाची जिवंत पिल्ले पिवळट-नारिंगी, चपटी, लाल डोळ्यांची. काडीने डिवचली की सरकतात, मागून पांढरे कुरळे मेणाचे धागे सोडतात. टॅमेरिक्सिया पिल्लाच्या पोटाखाली, मागच्या पायांजवळ अंडे चिकटवते. अळी बाहेरूनच चिकटून रस पिते. आठवडाभरात पिल्लू तपकिरी, कडक होऊन डहाळीला चिकटते. डिवचले तरी हलत नाही, मेणाचा धागा नाही. हे मढे. गांधीलमाशी निघते तेव्हा मढ्याच्या डोक्या-छातीकडच्या भागात गोल छिद्र पडते. छिद्र पोटाकडच्या टोकाला असेल तर ते काम डायाफोरेन्सायर्टस अलिगढेन्सिस या दुसऱ्या जातीचे. ती पिल्लाच्या आत वाढते आणि नावातच अलिगढ घेऊन फिरते.

वाढवायची असेल तर कढीपत्त्यावर वाढवा. संत्र्याच्या रोपांवर वाढवली तर ग्रीनिंगचा जिवाणूही सोबत वाढण्याची भीती असते. कढीपत्त्यावर सायला मजेत राहते, पण त्यात तो जिवाणू तग धरत नाही. कॅलिफोर्नियातही पैदाशीला हेच झाड वापरतात.

दोन-दोन फुटांचे लाकडी चौकटीचे पिंजरे करा, बारीक विणीची नायलॉन जाळी लावा, हात घालायच्या जागी कापडी बाही शिवा. कुंडीतला कढीपत्ता वीतभर छाटा. दहा-बारा दिवसांनी बोटाच्या पेराएवढी नवती फुटते. तेव्हा दुसऱ्या कढीपत्त्यावरून पकडलेल्या शंभरेक प्रौढ सायला पिंजऱ्यात सोडा आणि तीन दिवसांनी त्या सगळ्या काढून टाका. तीन दिवस महत्त्वाचे. जास्त ठेवल्या तर अंडी पुढे-मागे होतात, सगळ्या वयांची पिल्ले एकत्र येतात आणि गांधीलमाशीला हवी तशी मोठी, म्हणजे चौथ्या-पाचव्या कातीची (वाढीच्या शेवटच्या दोन अवस्थांतली), एकदम मिळत नाहीत. २५ ते २८ अंश तापमानात सायला काढून टाकल्यापासून दहा-बारा दिवसांत पिल्ले योग्य वयाची होतात. मग दर शंभर पिल्लांमागे पाच ते दहा टॅमेरिक्सिया माद्या सोडा. बी म्हणून लागणाऱ्या माद्या बागेतल्या मढ्यांतूनच काढायच्या: मढी असलेल्या डहाळ्या बरणीत ठेवल्या की आठवड्या-दहा दिवसांत निघतात. जास्त माद्या सोडून घाई करू नका. एका पिल्लाखाली तीन-चार अंडी पडली तरी त्यातून एकच गांधीलमाशी निघते, बाकीची फुकट.

साधारण अकरा ते तेरा दिवसांत नवी पिढी निघू लागते. त्या वरच्या उजेडाच्या बाजूला गोळा होतात. तोंडाने ओढायच्या नळीत मलमल लावून त्या बाटलीत घ्या. बाटलीच्या भिंतीला मधाची सुईने ओढल्यासारखी बारीक रेघ द्या. थेंब दिलात तर त्यातच बुडतील. पहिल्या फेरीत शे-दीडशे निघाल्या तरी पुष्कळ. एका ठिकाणी पन्नास-शंभर सोडा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि ज्या डहाळीवर मोठी पिल्ले डोळ्यांना दिसतात तिथेच. बाटली उघडी करून फांदीत अडकवा, झटकू नका. त्या बागेत आधीचे दोन-तीन आठवडे आणि नंतरचे तेवढेच दिवस फवारणी नसावी.

हा उद्योग फसतो तो नेहमी एकाच जागी. सायलाचा पिंजरा आणि गांधीलमाशीचा पिंजरा एकाच खोलीत असतात. एक मादी बाहीतून निसटून सायलाच्या पिंजऱ्यात गेली की महिन्याभरात तिथली सायला संपते आणि पुढच्या फेरीला खाद्यच उरत नाही. दोन खोल्या ठेवा, आधी सायलाकडचे काम उरका, मग गांधीलमाशीकडे जा, आणि त्या दिवशी परत फिरू नका. जाळी फाटून सायला बाहेर गेली तर आपणच बागेत कीड सोडली, हेही लक्षात असू द्या. म्हणून पिंजरे बागेपासून लांब. आणि जिवंत सायला किंवा सायला असलेली डहाळी एका गावातून दुसऱ्या गावात न्यायची नाही; फक्त बाटलीतल्या, पाहून मोजलेल्या गांधीलमाश्या न्यायच्या.

काळ्या माशीवरच्या गांधीलमाश्या हलवायलाही हीच शिस्त. पाने नुसती नेऊन टांगली तर माशीही सोबत जाते. पुठ्ठ्याचे खोके घ्या, आत पाने भरा, सगळ्या फटी काळ्या टेपने बंद करा, एका बाजूला भोक पाडून त्यात काचेची नळी बसवा. जे निघेल ते उजेडाकडे नळीत येते. काळी माशी दिसली की टिपून मारा, गांधीलमाश्या पुढच्या बागेत न्या. जाळीच्या विणीने दोघींना वेगळे करण्याचा प्रयत्न करू नका.

बाकीच्या किडी, थोडक्यात

लाल खवले किडीवर अफायटिस मेलिनस. खवल्याचे झाकण टाचणीने उचला; खाली पिवळा, हिरवट डोळ्यांचा कोष आणि भोवती काळसर विष्ठेचे दाणे दिसले की समजा. १९५६-५७ मध्ये ही जात भारत-पाकिस्तानातून कॅलिफोर्नियात नेली गेली आणि तिथे कारखान्यासारखी पैदास होऊन ती शेतकऱ्यांना विकली जाते. पिठ्या ढेकणावर लेप्टोमॅस्टिक्स डॅक्टिलोपी. ही मात्र आपल्याकडे बाहेरून आली, १९८३ मध्ये त्रिनिदादहून बंगळूरला. तिचे मढे तपकिरी, फुगीर, पिंपासारखे असते आणि गांधीलमाशी त्याचे टोक झाकणासारखे गोल कापून निघते. नागअळीवर सिट्रोस्टिकस फिलॉक्निस्टॉइडिस. पोखरलेली पाने उजेडाकडे धरा. बोगद्यात अळीऐवजी गडद, टोकदार कोष दिसला तर तो तिचा. मोठ्या झाडावर नागअळीसाठी औषध मारण्यात फारसा अर्थ नसतो. पानसोट (सरळ, जोमाने वाढणारे फळ न देणारे फुटवे) वेळच्या वेळी काढले की निम्मे काम होते.

लिंबावरच्या फुलपाखराची अंडी पिवळसर, मोहरीहून लहान, कोवळ्या पानावर सुटी सुटी असतात. ती काळी पडली तर आत ट्रायकोग्रामा, म्हणजे किडीच्या अंड्यांत वाढणारी गांधीलमाशी, आहे, ती तोडू नका. दुकानात सहज मिळते ते ट्रायकोकार्डच, म्हणजे ट्रायकोग्रामाने टोचलेली अंडी चिकटवलेला कागद: एका कार्डावर साधारण २० हजार अंडी, एकरी दोन-तीन कार्डे, आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा. आमचे मत असे की दोनशे रोपांच्या वाफ्यात हाताने अळ्या वेचणे स्वस्त पडते. कार्ड मोठ्या नव्या लागवडीसाठी. आणताना मुदत पाहा, कार्ड काळे आहे का पाहा. पांढरट कार्ड म्हणजे परोपजीवीकरणच झालेले नाही. राखाडी आणि छिद्रे पडलेले म्हणजे माल वाटेतच उडून गेला. उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीत ते तासाभरात शिजते, थंड पाण्याच्या बाटलीजवळ कागदात गुंडाळून आणा. पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा, सकाळी किंवा संध्याकाळी. खोडाची पट्टी आधीच लावलेली असू द्या, नाहीतर मुंग्या रातोरात सगळी अंडी उचलून नेतात आणि सकाळी उरतो तो कोरा कागद.